बाटलीची किंमत आणि द्राक्षाचा भाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे, ती आपल्या यवतमाळात फारसं कुणी विकत घेत नाही. दुकानं आहेत, पाट्याही मोठ्या आहेत. 'वाईन शॉप' असं त्यांवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. या भाषणाच्या निमित्तानं मी आयुष्यात पहिल्यांदा अशा एका दुकानात गेलो. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून भर दुपारची वेळ निवडली. आत पाहतो तर फळ्यांवर सगळी व्हिस्की आणि रम. खऱ्या वाईनच्या चार-सहा बाटल्या तळाच्या फळीवर धूळ खात होत्या. ज्या वस्तूचं नाव पाटीवर, तिलाच आत जागा नाही. असो.

विषय निघाला तो माझ्या धाकट्या मुलामुळं. तो पुण्याला नोकरी करतो. लग्नाला पाच वर्षं झाली म्हणून सूनबाईला घेऊन एका मोठ्या हॉटेलात जेवायला गेला. तिथं त्यानं नाशिककडची एक चांगली म्हणवणारी वाईन मागवली. बिल आलं तेव्हा त्या एका बाटलीचे तीन हजार आठशे रुपये लावलेले. दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम दुकानात चौकशी केली, तर तीच बाटली अकराशेला. रात्री त्याचा फोन आला. "बाबा, तुम्ही जन्मभर कॉमर्स शिकवलंत. मला सांगा, हा कुठला हिशेब?"

फोनचा स्पीकर चालू होता आणि राळेगावकडून आलेले माझे मोठे भाऊ शेजारी बसले होते. त्यांचा सगळा संसार कापसावर. ते एकदम म्हणाले, "पोट्टा अर्धा क्विंटल कापूस पेला न बापा!"

त्या वाक्यानं मी अस्वस्थ झालो, कारण हिशेब बरोबर होता. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे निम्मा क्विंटल, वेचणीच्या मजुरीसकट, एका जेवणात. तेव्हा ठरवलं की मुलाच्या प्रश्नाचं उत्तर नीट शोधायचं. मी स्वतः पीत नाही आणि कुणी प्यावं असंही मला सुचवायचं नाही. शेजारच्या वर्ध्यात कित्येक दशकं दारूबंदी आहे, आपल्याकडेही बायाबापड्यांनी त्यासाठी मोर्चे काढले, आणि ते का काढले हे मला चांगलं ठाऊक आहे. आजचा प्रश्न पिण्याचा नाही, किमतीचा आहे. एखाद्या शेतमालाला सोन्याचा भाव येतो कसा, आणि तो जातो कुणाच्या खिशात?

मुलाच्या बाटलीपासून सुरुवात करू. महाराष्ट्रात पिकलेल्या द्राक्षांच्या वाईनवर राज्य सरकारनं फार मोठा कर लावलेला नाही. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि उत्पादन शुल्क माफ केलं. २०२२ पासून लिटरला दहा रुपये शुल्क लागलं, म्हणजे बाटलीमागं साडेसात रुपये. विक्रीकर वीस टक्के, पण त्यातले सोळा टक्के उद्योगाला परत देण्याची योजना आहे. तेव्हा अकराशेचे अडतीसशे सरकारनं केले नाहीत. ते हॉटेलनं केले.

हॉटेलवाल्याची बाजू अगदीच खोटी नाही. परवान्याची फी, जागेचं भाडं, वाढपी, फुटणारे ग्लास, आणि जेवणावर सुटणारा थोडका नफा. हा सगळा भार तो बाटलीवर टाकतो. 'पहिल्या ग्लासात बाटलीची खरेदी वसूल झाली पाहिजे' असा या धंद्यात आडाखाच आहे. छापील किमतीचं काय, असं तुम्ही विचाराल. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाण्याच्या बाटलीच्या प्रकरणात निकाल दिला, की हॉटेल नुसती वस्तू विकत नाही, सेवाही देते. त्यामुळं छापील किमतीपेक्षा जास्त आकारता येतं. मला खटकतं ते वेगळंच. बूच काढून ग्लासात ओतण्याचे कष्ट पाचशेच्या बाटलीला आणि पाच हजारांच्या बाटलीला सारखेच. मग आकार ठरावीक हवा. तो तिप्पट-चौपट का? वाढप्याची मजुरी काय ताटातल्या पदार्थाच्या भावावर ठरते?

बाटली परदेशी असेल तर गोष्ट आणखी पुढं जाते. आपल्या देशात वाईनवर आयात शुल्क दीडशे टक्के. समजा बंदरात उतरताना बाटलीची किंमत हजार रुपये आहे. गोदीतून बाहेर पडताना ती अडीच हजार झाली. मग राज्याचं शुल्क, आयात करणाऱ्याचा नफा, घाऊक विक्रेता, दुकानदार. प्रत्येकजण आपला टक्का मूळ हजारावर लावत नाही, करासकट फुगलेल्या रकमेवर लावतो. म्हणजे करावरही नफा. हॉटेलच्या टेबलावर पोचेपर्यंत तिचे दहा हजार झाले तर नवल नाही. यात एक गंमत आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात हे दीडशे टक्के दोन भागांत मांडले गेले: पन्नास टक्के मूळ शुल्क आणि शंभर टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर. मुंबईतला श्रीमंत माणूस फ्रेंच वाईन पितो तेव्हा कागदोपत्री तो शेतीच्या पायाभूत सुविधांना हातभार लावत असतो. आमच्या पांदण रस्त्यापर्यंत त्यातलं काय पोचलं ते ज्यानं त्यानं पाहावं.

पण कर आणि हॉटेल मिळूनसुद्धा खऱ्या 'भारी' वाईनच्या किमतीचा उलगडा होत नाही. फ्रान्समध्ये, जिथं ती पिकते तिथंच, काही बाटल्या शेकडो युरोंना विकल्या जातात. त्यासाठी आपल्याला बोर्दोला जावं लागेल. हे गाव तुम्हाला परकं वाटेल, पण आपल्या संत्रावाल्यांना त्याचं नाव पाठ आहे. झाडाच्या बुंध्याला लावतो ते बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, ते याच गावचं. तिथले शेतकरी रस्त्याकडच्या वेलींवर हे निळं पाणी शिंपडत, कारण वाटसरू द्राक्षं तोडून खात. तिथल्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे यांच्या लक्षात आलं, की शिंपडलेल्या वेलींवर केवडा पडत नाही. १८८५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. चोरांसाठी केलेला उपाय रोगावर लागू पडला.

तर या बोर्दोत १८५५ साली एक यादी झाली. पॅरिसला मोठं प्रदर्शन भरायचं होतं आणि बादशहा तिसरा नेपोलियन याला आपल्या देशाच्या उत्तम वाईन मांडायच्या होत्या. दलालांना प्रतवारी करायला सांगितलं. त्यांनी चव घेत बसण्यापेक्षा आपली जुनी दप्तरं उघडली आणि ज्या मळ्याच्या वाईनला बाजारात जास्त भाव, तो वरच्या वर्गात, असे पाच वर्ग पाडले. त्या यादीत नाव घेण्याजोगा मोठा बदल एकदाच, १९७३ साली झाला, जेव्हा मुतों नावाचा मळा दुसऱ्या वर्गातून पहिल्यात गेला. भावावरून प्रत ठरली आणि पुढं पावणेदोनशे वर्षं त्या प्रतीवरून भाव ठरतो आहे. आमच्या बाजार समितीत असं कुणी केलं असतं तर लिलाव बंद पडला असता.

पुढं गुणांकन आलं. रॉबर्ट पार्कर नावाच्या अमेरिकी माणसानं १९७८ साली एक पत्रिका काढली आणि वाईनला शंभरापैकी गुण द्यायला सुरुवात केली. १९८२ च्या बोर्दोच्या हंगामाला त्यानं उचलून धरलं, तो अंदाज खरा ठरला, आणि त्यानंतर त्याच्या नव्वद की पंच्याण्णव यावर किमती वरखाली होऊ लागल्या. एका माणसाची जीभ, आणि तिच्यावर साऱ्या जगाचा बाजार.

आणि सट्टा? तोही आहे. बोर्दोच्या मोठ्या मळ्यांची वाईन, सुगीनंतरच्या वसंतात, पिंपात असतानाच विकली जाते. बाटलीत भरली जाते त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं. घेणारा पैसे आज देतो, माल पुढं केव्हातरी मिळतो. पुढं भाव वाढेल ही आशा. कापसाचे वायदे पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. २००८ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगनं वाईनवरचा कर काढून टाकला आणि चीनमधला नवा पैसा तिथं धावला. चीनमध्ये आठ हा आकडा शुभ. लाफित या नामांकित मळ्यानं आपल्या २००८ च्या बाटलीवर चिनी लिपीतला आठ कोरायचं जाहीर केलं, आणि त्या बाटलीचे भाव लगेच उसळले. आतली वाईन होती तीच. २०११ च्या मध्यानंतर हा फुगा बसला. पुन्हा फुगला, आणि २०२२ च्या अखेरीपासून पुन्हा उतरत गेला. या सगळ्या काळात युरोपातले नेहमीचे पिणारे चडफडत राहिले. आमचे वडील जी बाटली सणासुदीला उघडत, ती आता तिजोरीत ठेवायची झाली, अशी त्यांची तक्रार. ती मला रास्त वाटते. प्यायची वस्तू साठवायची झाली की खरोखर पिणाऱ्याला बाजारात जागा राहत नाही.

अशा बाजारात लबाडी शिरतेच. रुडी कुर्नियावान नावाचा तरुण अमेरिकेत घरच्या घरी साध्या वाईन मिसळून, जुनी लेबलं लावून, दुर्मीळ म्हणून विकत होता. मोठमोठे जाणकार फसले. २०१४ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याआधीची एक गोष्ट मला जास्त आवडते. १९८५ साली लंडनच्या लिलावात १७८७ ची म्हणून एक बाटली १ लाख ५ हजार पौंडांना गेली. ती अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांची, असा दावा होता. पुढं तो संशयात सापडला. घेणाऱ्या फोर्ब्ज घराण्यानं ती दिव्यांखाली प्रदर्शनात मांडली. दिव्यांच्या उष्णतेनं बूच सुकून आत पडलं. लाख पौंडांचं व्हिनेगर झालं.

आता कुणी म्हणेल, भारी वाईनची चवच तशी असेल. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी वीस जणांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवून नळीनं वाईन पाजली. एकच वाईन एकदा दहा डॉलरची सांगितली, एकदा नव्वदची. नव्वद सांगितल्यावर ती लोकांना जास्त आवडली. तेवढंच नाही, मेंदूतला सुखाची नोंद करणारा भागही जास्त चेतला. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच जास्त बरं वाटलं. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात किंमत लपवून सहा हजारांहून अधिक वेळा चव घ्यायला लावली, तर सामान्य माणसांना महाग वाईन किंचित कमीच आवडली. मुलाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, मला तर किंमत वाचल्यावर कडूच लागली." बिल शेवटी येतं हा हॉटेलवाल्याचा शहाणपणा.

तेव्हा बाटलीच्या किमतीत कर आहे, हॉटेल आहे, नाव आहे, सट्टा आहे. द्राक्ष किती आहे? एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात. किलोला पन्नास रुपये भाव धरला तरी साठ-बासष्ट रुपये. चांगली वाईन ओकच्या पिंपात मुरवतात. सव्वादोनशे लिटरचं एक नवं फ्रेंच पिंप हजार युरोंच्या आसपास जातं आणि त्यातून तीनशे बाटल्या निघतात. बाटलीमागं साडेतीन युरोंच्या आत. काच, बूच, मजुरी धरा. कितीही ताणलं तरी हजारोंचा आकडा द्राक्षातून आणि लाकडातून निघत नाही.

आणि ज्याचं द्राक्ष, त्याची काय कथा? नाशिकच्या शेतकऱ्यांनी २००१ नंतर वाईनची द्राक्षं मोठ्या उमेदीनं लावली. ही द्राक्षं बारीक, बियांची. खायच्या द्राक्षांच्या बाजारात त्यांना कुणी विचारत नाही. वाईनरीनं घेतली तरच पैसा. २००८ साली जगभर मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाईनऱ्यांनी माल उचलणं कमी केलं. कुणाचे पैसे अडकले, कुणी बागा उपटून टाकल्या. त्या दिवसांतही मोठ्या हॉटेलांतले बाटलीचे भाव द्राक्षाइतके उतरल्याचं मी कुठं वाचलं नाही.

हे फक्त आपल्याकडं होतं असंही नाही. खुद्द बोर्दोत लाफितसारखे नामवंत मळे मूठभर. बाकी हजारो शेतकरी साधी वाईन करतात आणि ती खपत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ते रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी तिथं सुमारे साडेनऊ हजार हेक्टर वेली उपटण्याची योजना जाहीर झाली, हेक्टरी सहा हजार युरो देऊन. एका बांधाच्या अलीकडं बाटली शेकडो युरोंची, पलीकडं वेल उपटायला अनुदान. माती, ऊन, पाऊस सगळं शेजारशेजारचं. फरक काय, तर अलीकडच्याचं नाव यादीत आहे.

इथं मला कापूस आठवल्याशिवाय राहत नाही. एकेकाळी आपल्या वऱ्हाडच्या कापसालाही नाव होतं. लिव्हरपूलच्या बाजारात तो अमरावतीवरून 'उमरा' या नावानं विकला जाई, हिंगणघाटचा कापूस स्वतःच्या नावानं. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी झाली, तिकडचा कापूस बंद पडला, तेव्हा इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. आज आमच्या भावांचा कापूस जिनिंगच्या ढिगात पडला की तो त्यांचा राहत नाही. रुईची १७० किलोची गाठ बांधली जाते, तिच्यावर नंबर असतो. २०२० साली केंद्रानं 'कस्तुरी कॉटन भारत' हे नाव आणलं, गाठीवर क्यूआर कोडही आला. त्यावरून गाठ कुठल्या जिनिंगची ते कळतं.

प्रतवारी मात्र आम्हालाही आहे. जानेवारीत मी भावांबरोबर एका जिनिंगवर गेलो होतो. ग्रेडरनं गाडीत हात घातला, चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढला, ओलावा मोजला आणि बारा टक्क्यांच्या वर आहे म्हणून सांगितलं. भाऊ म्हणाले, गच्चीवर आठ दिवस वाळवलाय. तो पुढच्या गाडीकडं गेला होता. बोर्दोत प्रतवारीनं किंमत चढते. आमच्याकडं ती कापायच्याच कामी येते.

आणि संरक्षणाचं पाहा. वाईनवर दीडशे टक्के आयात शुल्क, त्याचा आडोसा नाशिकच्या द्राक्षाला मिळतो. तो आडोसाही आता कमी होतो आहे: ऑस्ट्रेलियाशी झालेल्या कराराप्रमाणं डिसेंबर २०२२ पासून तिथल्या महाग बाटल्यांचं शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरतं आहे, आणि जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय संघाशी ज्या वाटाघाटी पूर्ण झाल्या त्यांतही वाईनचं शुल्क उतरवायचं ठरलं. पुण्याच्या पिणाऱ्याला आनंद होईल, दिंडोरीच्या बागाईतदाराला घोर लागेल. पण निदान त्याला टप्पे मिळाले, काही वर्षं मिळाली. कापसावर अकरा टक्के आयात शुल्क होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये, आमच्या शेतात पाती-बोंडं लागत असताना, ते एका अधिसूचनेनं माफ झालं आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत माफच राहिलं. म्हणजे नेमका आमचा कापूस बाजारात येण्याचा काळ.

मुलाला मी एवढंच सांगितलं, की तू तीन हजार आठशे दिलेस त्यातले साठ-बासष्ट द्राक्षवाल्याला गेले, बाकीचे बहुतेक खुर्चीला, नावाला आणि तुझ्या हौसेला. हौस पुरवायची तर दुकानातून आण आणि घरी बस. तो हसला. संक्रांतीला आला तेव्हा ती रिकामी बाटली आठवण म्हणून घेऊन आला होता. भावांनी चष्मा लावून तिच्यावरचं सगळं बारीक अक्षर वाचलं. मग म्हणाले, "दिंडोरी, जिल्हा नाशिक. गावाचं नाव टाकलं हाये याच्यावर." बराच वेळ त्यांनी बाटली खाली ठेवली नाही. शेवटी वहिनींनी ती त्यांच्या हातून घेतली, गरम पाण्यानं धुतली, आणि जवसाचं तेल भरून ठेवायला राळेगावला घेऊन गेल्या.